सात दिवसांत ईद आली तर?

ओमानमधल्या सोहार बंदराच्या औद्योगिक पट्ट्यात एका ठेकेदार कंपनीत मी पगारपत्रकं करते. महिनाअखेर जवळ आली की माझ्या टेबलापाशी येणारे प्रश्न बहुतेक ओव्हरटाइमचेच असतात. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. राजापूरकडच्या एका वेल्डरने तो नेमक्या शब्दांत विचारला, "मॅडम, बायकोची तारीख ईदेच्या आसपासची आहे. माझी सात दिवसांची सुट्टी ईदेतच संपली, तर मला जास्तीचं मिळेल काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या अनेक माणसांना ठाऊक नसतं.

ओमानमध्ये खाजगी नोकरदाराला पितृत्व रजा मिळू लागली ती २०२३ मध्ये. त्या वर्षी जुलैत सुलतानांच्या ५३/२०२३ या फर्मानाने नवा कामगार कायदा आला. आधीच्या, म्हणजे २००३ च्या कायद्यात लग्नासाठी रजा होती, घरच्या मयतासाठी होती, हजसाठी होती. मूल झालं म्हणून बापाला मात्र एक दिवसही नव्हता. आता पूर्ण पगारी सात दिवस मिळतात आणि ओमानी-परदेशी असा भेद त्यात नाही. मूल जिवंत जन्मलेलं असावं, ही पहिली अट. ती मला बोचते. ज्या घरात पाळणा हललाच नाही, तिथल्या बापालाही बायकोजवळ बसायचं असतं. दुसरी अट अशी, की बाळ ९८ दिवसांचं होईपर्यंत ही रजा घेऊन टाकायची. आईची प्रसूती रजाही ९८ दिवसांचीच आहे.

हा पैसा येतो कुठून, तेही सांगते, कारण अनेकजण कंपनीवर ओझं पडेल या भीतीने रजा मागायलाच कचरतात. त्याच जुलैतल्या ५२/२०२३ या फर्मानाने सामाजिक संरक्षण कायदा आला. त्यातला प्रसूती रजेचा विमा १९ जुलै २०२४ पासून लागू झाला, आणि बापाचे सात दिवसही त्याच विम्यात बसतात. त्यासाठी मालक पगाराच्या एक टक्का हप्ता भरतो, तुमच्या पगारातून त्यातलं काही कापलं जात नाही. म्हणजे या रजेचा हप्ता आधीच भरलेला असतो. ती मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

आता सणांच्या सुट्ट्या. कायद्यात नुसते 'सात दिवस' म्हटलं आहे, 'कामाचे सात दिवस' असं म्हटलेलं नाही. शेजारच्या अमिरातीत बापाला पाचच दिवस मिळतात, पण तिथला कायदा ते कामाचे दिवस म्हणून देतो. त्यामुळे मध्ये साप्ताहिक सुट्टी आली किंवा सण आला, तर तो दिवस त्यात धरत नाहीत. सोहारमध्ये माझ्या पाहण्यातल्या कंपन्या सात दिवस सलग मोजतात. शुक्रवार-शनिवार त्यात जातात आणि सरकारी सुट्टी आली तर तीही जाते. पगार पूर्ण मिळतो, पण एका दिवसाचा एकदाच. सुट्टीचा वेगळा आणि रजेचा वेगळा, असा दुहेरी मिळत नाही. प्रकल्पांत पाळीवर काम करणाऱ्यांना सणाच्या दिवशी कामावर आलं तर जादा मोबदला किंवा बदली रजा असते. रजेवरच्या माणसाला अर्थातच यातलं काही नाही.

कागदावर हिशेब करून दाखवते. २०२५ मध्ये राष्ट्रीय दिनाची सुट्टी बुधवार-गुरुवार, २६ आणि २७ नोव्हेंबरला होती. पुढे शुक्रवार-शनिवार. समजा एखाद्याने रविवार, २३ तारखेपासून सात दिवस घेतले, तर त्यातले चार दिवस तो तसाही घरीच असता. हातात जादा पडले ते फक्त तीन. तोच माणूस बुधवार ते शनिवार सुट्टीवर राहिला आणि त्याने रविवारी, ३० नोव्हेंबरला रजा सुरू केली, तर ६ डिसेंबरपर्यंत सलग अकरा दिवस झाले. कायदा तोच, पगार तोच, अर्जावरची तारीख तेवढी वेगळी.

बाळ कधी जन्माला यावं हे आपल्या हातात नसतं, पण ९८ दिवसांची मुदत असल्यामुळे रजेची तारीख पुष्कळशी आपल्या हातात असते. बायको इथेच असेल, घरात दुसरं कोणी नसेल, तर गणित बाजूला ठेवा आणि पहिल्या दिवसापासून घरी राहा. मात्र आपल्यातल्या कितीतरी जणांच्या बायका बाळंतपणाला माहेरी गेलेल्या असतात. त्यांच्यासाठी हे गणित फार महत्त्वाचं. सोहारहून मस्कतचा विमानतळ दोनशे किलोमीटरच्या वर. तिथून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वे किंवा रात्रीची बस. येण्या-जाण्यातच सातातले दोन-तीन दिवस सरतात.

वेल्डरला मी तेच समजावलं. ईद-उल-अधाची सुट्टी इथे जिल्हेज या हिजरी महिन्याच्या ९ ते १२ तारखेपर्यंत असते, पण इंग्रजी तारीख चंद्रदर्शनानंतरच पक्की होते. म्हणून अर्ज आधी घाईने देऊ नये, कामगार मंत्रालयाची घोषणा होऊ द्यावी. त्याने ईद इथेच काढली, पाठोपाठ सात दिवस घेतले आणि पुढे वार्षिक रजा जोडली. वर्षाला किमान तीस दिवसांची वार्षिक रजा कायद्याने मिळते, तिला हे सात दिवस खात नाहीत. बारशाला तो हजर होता. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला : पाळण्याच्या दोरीला धरलेला त्याचा हात, बोटांवर ठिणग्यांचे जुने काळे डाग.

हे लिहिताना आपल्याकडची स्थिती आठवल्याशिवाय राहत नाही. भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी मुलं असतील, तर पंधरा दिवसांची पूर्ण पगारी पितृत्व रजा मिळते. ती बाळंतपणाआधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. रजेच्या आधी-नंतर लागून आलेली सुट्टी जोडता येते, मधे आलेली सुट्टी मात्र रजेतच मोजली जाते. म्हणजे तारखेचं गणित तिथेही तेच. पण चाकणच्या कारखान्यातल्या किंवा इचलकरंजीच्या मागावरच्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. आईची रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली, बापाचा विचार त्यात झाला नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खाजगी विधेयक मांडलं होतं. पंधरा दिवस, पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील, आणि असंघटित कामगारांनाही. ते मंजूर झालं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी पुन्हा तसं विधेयक मांडलं.

आपल्याकडे हा कायदा होईल तेव्हा त्यात 'कामाचे दिवस' असे शब्द हवेत, एवढी मागणी आत्ताच आपापल्या खासदारांकडे पोहोचवा. आणि सोहारमधल्या होणाऱ्या बापांनो, तुमच्या कंपनीत रजा सलग मोजतात की कामाचे दिवस, हे लेखी विचारून घ्या, आणि मगच अर्जावर तारीख टाका.