मनगटाच्या मापाचा हलवा

डिसेंबर संपत आला की आमच्या घरातल्या फोनांवर एकच चौकशी सुरू होते, यंदा कुणाचं बोरन्हाण? ठाण्याला नौपाड्यात, कल्याणला पारनाक्यावर आणि डोंबिवलीत रामनगरला पांगलेल्या आमच्या गोतावळ्यात बहुतेक वर्षी एखादं तरी बाळ पहिल्या संक्रांतीचं असतंच. त्याच्या मनगटाचा, दंडाचा, कमरेचा, डोक्याचा घेर दोऱ्याने मोजायचा, मापाच्या जागी गाठ मारायची आणि ते दोरे डोंबिवलीच्या काकूकडे पोचते करायचे. आमच्याकडचे हलव्याचे दागिने तिथे घडतात. आजीने सुरू केलेलं हे काम काकूकडे आलं आणि आता आम्ही बहिणी-भावजया तिच्या हाताखाली शिकतो आहोत.

हलव्याला थंडी लागते. जानेवारीत मुंबई शहरापेक्षा कल्याण-डोंबिवलीकडची पहाट जास्त गार असते आणि काकू ती वाया घालवत नाही. पूर्वी कोळशाची शेगडी असे. आता गॅसची बारीक आच, तिच्यावर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर कल्हईची परात. साखर बुडेल एवढं पाणी घालून पाक उकळायचा, चमचाभर दूध सोडून वर आलेली मळी काढायची आणि गाळून घ्यायचा. एकतारीच्या जरा अलीकडेच थांबायचं. परातीतला साबुदाणा कोमट झाला की चहाच्या चमच्याने थोडासा पाक टाकून बोटांनी हलवत राहायचं. साबुदाण्याऐवजी तीळ, खसखस, मगज बी, काहीही चालतं. दाणे आधी बोटांना आणि एकमेकांना चिकटतात. मग ओल उडते, साखर दाण्यावर धरते, दाणे सुटे होऊन परातीत खुळखुळायला लागतात. तो आवाज आला की पुढचा चमचा, त्याआधी नाही. मी घाई केली की काकू परात स्वतःकडे ओढते. “कान दे गं, डोळ्यांनी नाही कळत,” एवढंच म्हणते.

पाक जास्त पडला तर गोळे होतात. आच वाढली तर बसलेली साखर सुटून तळाला पीठ जमतं. ते चाळून चहाच्या साखरेत टाकायचं. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो. काटा दिसतो तो पुढच्या दिवसांत, पुटावर पूट चढत गेल्यावर. दाण्यावर कुठे बारीक उंचवटा राहिलेला असतो. हलवताना पाक तिथे जास्त लागतो, तिथेच वाळतो, आणि उंचवटा वाढत वाढत टोक धरतो. चांगल्या हलव्याला ही टोकं सगळीकडून सारखी येतात.

जपानात कोन्पेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी आहे. ती पोर्तुगीजांबरोबर तिकडे पोचली. 1569 साली लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज धर्मप्रचारकाने ती काचेच्या बाटलीतून ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला भेट दिली होती. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला तर तिच्या काट्यांचं एवढं कुतूहल वाटलं की, गोळी सगळीकडून सारखी न वाढता तिला टोकंच का फुटतात, यावर त्याने लिहिलं. काकूला हे सांगितल्यावर तिने विचारलं, “ते लोक किती दिवस घोळतात?” पारंपरिक पद्धतीत दोन आठवड्यांच्या आसपास, असं मी म्हटलं. ते तिला पटलं.

हलवा तयार झाला की खरं अवघड काम सुरू होतं. हलव्यात सुई घालता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून दुपदरी पांढऱ्या दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा बसवायचा आणि हळूच आवळायचं. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसला की दाणा घसरत नाही. गुळगुळीत दाणा दोन दिवसांत निसटतो. काटा दागिन्याला शोभा देतो असं मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो दागिना धरून ठेवतो हे बांधायला बसल्यावरच कळलं. मगज बीचा लांबट हलवा फुलांच्या पाकळ्यांना, साबुदाण्याचा गोल हलवा हाराला, तिळाचा बारीक हलवा वाकी-बाजूबंदाला. लवंगेचा हलवा दिसतो देखणा, पण तो तिखट, तेव्हा तो नव्या सुनेच्या दागिन्यांत घालायचा, बाळाच्या नाही.

ठाण्यात गोखले रोडला किंवा डोंबिवलीत फडके रोडला तयार संच सहज मिळतात. पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलेले, मोती-टिकल्या लावलेले, दिसायला सुरेख. डोंबिवलीत कितीतरी बायका घरी बसून ते करतात आणि त्यांची मेहनत कमी नाही. पण वर्षाच्या आतबाहेरचं मूल हातातली वस्तू थेट तोंडात घालतं. त्याला द्यायच्या दागिन्यात डिंक आणि टिकली नकोच, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे पुठ्ठा आणि बेगड फक्त मुकुटाला, कारण तो बाळाच्या तोंडाशी येत नाही. बाकी सगळं दोरा आणि साखर. मोठा टणक दाणा घशात अडकू नये म्हणून तो हाराच्या मागच्या बाजूला, मानेकडे. वाकीत दोन बोटं शिरतील एवढी ढिलाई ठेवायची, नाहीतर काटे टोचतात आणि बाळ सोहळाभर रडतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करता येतं, त्यामुळे नोकरदार घरांत मधला रविवार धरतात. काळं झबलं, अंगावर पांढरे दागिने, मुलगा असला तर हातात हलव्याची बासरी. औक्षण होतं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओततात. शेजारची पोरं सतरंजीवर तुटून पडतात. उत्सवमूर्तीचं लक्ष मात्र स्वतःच्या वाकीकडे असतं. यंदा नौपाड्याच्या भाचीने औक्षण संपायच्या आत डाव्या हाताची वाकी चाखून ओली केली. तिची आई सोडवायला धावली, तर काकू म्हणाली, “खाऊ दे की, तिचीच आहे.”

उरलेले दागिने कोरड्या डब्यात जातात. सर्दावले तर दोरा सैल पडतो, म्हणून झाकण घट्ट लावायचं. पारनाक्यावरच्या नातवाचं बोरन्हाण पुढच्या रविवारी आहे. हार आणि बाजूबंद त्याला चालतील, वाक्या नव्या करायच्या आहेत. त्याचे दोरे कालच आले. कमरेचा दोरा आमच्या कमरपट्ट्याशेजारी धरून पाहिला आणि काकूने पुन्हा परात तव्यावर ठेवली. चार बोटं हलवा कमी पडतो आहे.