पुन्हा पाठवले तर बिघडेल का?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. गुरुजी पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या, समजा ४०, मोबाइलवर भरतात आणि ‘पाठवा’ दाबतात. पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि तेवढ्यात रेंज जाते. नोंद पोचली की नाही? पुन्हा पाठवावी, तर ८० मुले जेवली असे दिसायचे. न पाठवावी, तर एकही जेवले नाही असे दिसायचे!

हा पेच गुरुजींचा वाटतो, पण मुळात तो संगणकशास्त्राचा आहे. गंमत म्हणजे, त्याच्या उत्तराचे सूत्र आपण अकरावी-बारावीच्या गणितात शिकवतो त्या ‘फलन’ म्हणजे फंक्शनच्या संकल्पनेत सापडते.

आधी ‘क्लाउड’ म्हणजे काय ते पाहू. गुरुजींची नोंद काही ढगात जात नाही. मोठ्या इमारतींत ओळीने मांडलेले हजारो संगणक आणि त्यांना जोडणारे जाळे, म्हणजे क्लाउड. अॅमेझॉन कंपनीने अशी केंद्रे मुंबईत २०१६ मध्ये सुरू केली. हजारो यंत्रे असली की त्यांतले एखादे कधीही बंद पडणारच. अशा वेळी अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या यंत्राकडून पुन्हा करून घेतात. मात्र काम दुसऱ्यांदा केल्याने उत्तर बदलता कामा नये.

आता दोन आज्ञा पाहा. पहिली : ‘आजच्या बेरजेत ४० मिळवा.’ दुसरी : ‘या शाळेची ४ जुलैची संख्या ४० आहे.’ पहिली आज्ञा दोनदा पोचली, तर बेरीज ८० ने वाढते. दुसरी दहा वेळा पोचली, तरी नोंद एकच राहते. मग जिल्ह्याची बेरीज? ती खोडून-खोडून वाढवत न्यायची नाही. मूळ नोंदींवरून हवी तेव्हा काढायची. म्हणजेच बेरीज हे नोंदींचे फलन झाले.

फलनाचे दोन गुण येथे उपयोगी पडतात. समजा, दिलेल्या संख्येचा वर्ग काढायचा आहे. ५ दिले की २५ मिळणार. वणीत काढा, पुसदला काढा, आज काढा की उद्या, उत्तर तेच. शिवाय वर्ग काढल्यावर मूळचे ५ बदलत नाहीत. ज्या संगणकभाषांत आज्ञावली मुख्यतः अशा फलनांनी रचतात, त्यांना फलनाधिष्ठित भाषा म्हणता येईल. त्यांचे मूळ अलोंझो चर्च या अमेरिकन गणितज्ञाच्या १९३० च्या दशकातील कामात आहे. जॉन मॅकार्थी यांची लिस्प (१९५८) ही या घराण्यातील आद्य भाषा. पुढे एरलँग, हॅस्केल इत्यादी भाषा आल्या.

अशा फलनाचे काम वाटूनही देता येते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याची बेरीज वेगळ्या संगणकाने करावी आणि शेवटी १६ बेरजा एकत्र कराव्यात. दारव्ह्याचे यंत्र बंद पडले, तर तेवढेच काम दुसऱ्याला द्यावे. बाकीच्या १५ ना त्याचा पत्ताही लागणार नाही. गूगलमधील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये मांडलेली ‘मॅपरिड्यूस’ पद्धत हेच प्रचंड प्रमाणावर करते. तिची कल्पना लिस्पवरून सुचल्याचे त्यांनीच नमूद केले आहे.

मात्र येथे एक खाच आहे. एका तालुक्यात १०० पैकी ९० मुले हजर, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्यात ३०० पैकी २१०, म्हणजे ७० टक्के. दोहोंची सरासरी ८० टक्के म्हणावी काय? नाही. एकूण ४०० पैकी ३०० मुले हजर आहेत, म्हणजे ७५ टक्के. म्हणून तालुक्याने टक्केवारी न पाठवता हजर आणि एकूण या दोन्ही संख्या पाठवाव्यात. कशाची बेरीज करता येते आणि कशाची नाही, हे यंत्राला कळत नाही. ते माणसानेच ठरवायचे असते.

एरलँगची गोष्ट तर आपल्या खिशातली आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून ती टेलिफोन केंद्रांसाठी विकसित केली. एक जोडणी तुटली म्हणून साऱ्या गावाचे फोन बंद पडू नयेत, ही त्यामागची गरज. त्यासाठी काम लहान-लहान प्रक्रियांत विभागतात. त्या एकमेकींच्या स्मृतीला हात लावत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. एखादी कोसळली, तर देखरेख करणारी दुसरी प्रक्रिया ती पुन्हा सुरू करते. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सअॅपने आपल्या केंद्रीय संगणकांसाठी हीच भाषा निवडली. २०१४ च्या सुरुवातीला त्याचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते जेमतेम ३०!

याचा अर्थ भाषा बदलली की सारे दोष गेले, असे नाही. शेवटी कुठेतरी नोंद लिहावीच लागते, निरोप पाठवावाच लागतो. ते काही शुद्ध फलन नव्हे. या भाषा अशी जोखमीची कामे आज्ञावलीच्या कडेला, मोजक्या जागी ठेवण्याची शिस्त लावतात. ती शिस्त इतर भाषांतही पाळता येते.

वर्गात हे करून पाहा. आठ मुलांना प्रत्येकी पाच संख्यांची चिठ्ठी द्या आणि बेरीज करायला सांगा. मध्येच एकाला बाहेर पाठवा आणि त्याच्या चिठ्ठीची प्रत दुसऱ्याला द्या. एकूण बेरीज बरोबर येईल. नंतर चिठ्ठ्यांऐवजी फळ्यावर एकच बेरीज ठेवून प्रत्येकाला तीत आपली एकेक संख्या मिळवायला सांगा आणि पुन्हा एकाला मध्येच बाहेर पाठवा. त्याच्या कोणत्या संख्या मिळवून झाल्या होत्या, हे फळ्याकडे पाहून कोणी सांगू शकेल काय? झरी-जामणीच्या गुरुजींचा पेच मुलांना तेथेच उमगेल.