पाण्याच्या हालचालीतून मेंदूचा नकाशा

मेंदूतील गाठ काढताना वाचेचे अथवा हालचालीचे चेतातंतू दुखावले, तर रुग्णाला कायमचे अपंगत्व येऊ शकते. हे तंतू कवटी न उघडता शोधण्याचे साधन म्हणजे विसरण एमआरआय होय.

मेंदूतील पाण्याचे रेणू अखंड हलत असतात. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते सहज सरकतात. आडव्या दिशेने त्यांना अडथळा होतो. चुंबकीय क्षेत्रात निरनिराळ्या दिशांनी बदल करून ही हालचाल मोजतात. त्यावरून तंतूंची दिशा काढण्याची गणिती पद्धत पीटर बासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली.

तथापि, या पद्धतीने प्रत्येक ठिकाणी एकच प्रमुख दिशा मिळते. मेंदूत तर अनेक ठिकाणी तंतू चौकातील रस्त्यांप्रमाणे एकमेकांना छेदतात. अमेरिकेतील एमआयटी येथे २००२ मध्ये सादर झालेल्या एका पीएच.डी. प्रबंधाने हाच प्रश्न हाती घेतला. पुष्कळ अधिक दिशांनी मोजमाप केल्यास छेदणारे तंतू वेगळे ओळखता येतात, हे त्यातून दिसून आले.

अर्थात, चित्रातील रेषा म्हणजे प्रत्यक्ष तंतू नव्हेत. ते पाण्याच्या हालचालीवरून बांधलेले अनुमान होय. म्हणूनच नकाशा हाती असूनही शल्यचिकित्सक नाजूक शस्त्रक्रियेत विद्युत् चाचणीने खात्री करून घेतात.