विमानतळावरचा फेस, विहिरीतले विष

विमानाच्या इंधनाची आग नुसत्या पाण्याने आटोक्यात येत नाही. पाणी खाली जाते आणि हलके इंधन वर तरंगत जळत राहते. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदल आणि थ्रीएम कंपनी यांनी त्यावर खास फेस तयार केला. त्यातून सुटणारा पाण्याचा पातळ पापुद्रा इंधनावर झरझर पसरतो आणि वाफ कोंडतो. ही किमया ‘पीफास’ गटातल्या फ्लोरीनयुक्त रसायनांची. त्यांच्यातला कार्बन-फ्लोरीन बंध इतका चिवट, की जिवाणूंनाही तो सहसा तुटत नाही. ही रसायने मातीतून झिरपून भूजलात जातात. त्यांपैकी पीएफओएस शरीरात गेले, तर त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षे लागतात.

विमानतळांवर खऱ्या आगी क्वचितच लागतात. बराचसा फेस जमिनीवर पडला तो सरावात आणि बंबांच्या चाचणीत, वर्षानुवर्षे त्याच मैदानावर. स्वीडनमधील रोनेबीच्या हवाई तळावरचा असाच फेस ब्रान्टाफोर्स जलकेंद्राच्या विहिरींत उतरला. डिसेंबर २०१३ मध्ये ते उघड झाले आणि केंद्र बंद करावे लागले. रहिवासी न्यायालयात गेले. रक्तातील पीफासचे वाढलेले प्रमाण हीच शारीरिक इजा आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

म्हणूनच पहिला उपाय म्हणजे गरज नसताना फेस न फवारणे. बंबातले मिश्रण बरोबर होते की नाही, हे फेस बाहेर न सोडताही मोजता येते आणि सरावाला फ्लोरीनविरहित फेस चालतो. इतकी साधी काळजी कितीतरी आधी घ्यायला हवी होती.

दुसरा उपाय फेसच बदलण्याचा. ऑस्ट्रेलियातील बहुतेक नागरी विमानतळांनी तो २०१० मध्ये बदलला. अमेरिकेत मात्र नागरी विमानतळांचा फेसही लष्करी निकषांना बांधलेला होता. फ्लोरीनची सक्ती काढण्याचा कायदा २०१८ मध्ये झाला, तरी फ्लोरीनविरहित फेसाचा लष्करी निकष यायला जानेवारी २०२३ उजाडले. नवा फेस पापुद्रा धरत नाही. बुडबुड्यांच्या जाड थराने तो आग कोंडतो. त्यामुळे फवाऱ्याची पद्धत बदलते आणि जवानांना नव्याने शिकावे लागते.

जुन्या फेसाचे अंश बंबाच्या टाकीला आणि नळ्यांना चिकटून राहतात. त्या नीट धुतल्या नाहीत, तर नवा फेसही दूषित होतो. हे धुवणही गटारात सोडून चालत नाही.

भूजलात आधीच उतरलेले पीफास सक्रिय कोळशाने गाळता येतात. लांब साखळीचे रेणू त्यात चांगले अडकतात, आखूड साखळीचे लवकर निसटतात. वापरलेला कोळसाही उघड्यावर टाकता येत नाही. त्यातले पीफास नष्ट करायला साधारण हजार अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते.