बांधणी चालू असता इंटरनेट बंदच असावे

सॉफ्टवेअरचे पॅकेज बांधले जात असता त्या प्रक्रियेस इंटरनेटची मुभा असावी काय, या प्रश्नावर माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: नसावी. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही जेमतेम 11 ओळींची संहिता तिच्या कर्त्याने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेताच, जिचे नावही ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा असंख्य प्रकल्पांच्या बांधण्या एकाएकी कोलमडल्या; कारण त्यांचा कच्चा माल ऐनवेळी बाहेरून येत असे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात मुख्य विभागातील पॅकेजांना बांधणीच्या वेळी इंटरनेटशी संपर्क साधण्यास साफ मज्जाव आहे.

निक्स या पॅकेज-व्यवस्थापकाचा तोडगा मला विशेष मनोज्ञ वाटतो. तेथील सामान्य बांधणी बंदिस्त चालते. परंतु जी सामग्री बाहेरून आणावयाची, तिचा हॅश, म्हणजे आशयावरून काढलेला अंकीय ठसा, आगाऊ नोंदविलेला असेल तर ती आणण्यास परवानगी मिळते, आणि आलेल्या फाइलीतील एक बिटही बदललेला असला, तरी हॅश जुळत नाही व ती तत्काळ नामंजूर होते. सोय आणि शिस्त यांचा असा मेळ विरळाच.

आपण डॉकर वापरीत असाल, तर ‘बिल्ड’ या आज्ञेस ‘नेटवर्क=नन’ हा पर्याय जोडून पाहावा, आणि बांधणी जेथे अडेल तेथील परावलंबनाची रीतसर नोंद आजच करावी.