किल्ल्याचे नाव आणि धंद्याचा क्रमांक

कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला, हुगळीच्या पूर्व तीरावर एक अष्टकोनी किल्ला उभा आहे. 1757 मधील प्लासीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो बांधावयास घेतला आणि इंग्लंडच्या राजाचे नाव त्याला राहिले : फोर्ट विल्यम. 1963 पासून आपल्या सैन्याच्या पूर्व विभागाचे मुख्यालय तेथे आहे. 2024 च्या डिसेंबरात सैन्याने त्याचे नाव बदलून ‘विजयदुर्ग’ असे ठेवले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आपल्या विजयदुर्गावरूनच ते घेतलेले आहे. ज्या शहराने 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीने स्वतःभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, त्याच शहरातील किल्ल्याला मराठ्यांच्या आरमारी किल्ल्याचे नाव मिळावे, हा इतिहासाचा एक गमतीदार न्यायच म्हणावयाचा.

परंतु श्रोतेहो, आज मला किल्ल्याच्या इतिहासाविषयी बोलावयाचे नाही. बोलावयाचे आहे ते एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर. सरकारी कंत्राटदारांच्या नोंदणीत प्रत्येक धंद्याला जो क्रमांक दिलेला असतो, तो वेळोवेळी तपासून अद्ययावत ठेवण्याविषयी. किल्ल्याचे उदाहरण घेतले ते एवढ्यासाठी, की नाव बदलले म्हणून किल्ला बदलला नाही. तट तेच, खंदक तोच. पाटी एका सकाळी रंगविता येते; पण निविदांच्या नमुन्यांतून, करारपत्रांतून, शिक्क्यांतून जुने नाव हटावयास फार दिवस लागतात. धंद्यांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते. तेथे कागदावरचे नाव तेच राहते आणि त्यामागची वस्तू बदलून जाते. ही दुसरी विसंगती पहिलीपेक्षा अधिक नुकसान करते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

या किल्ल्यात पूर्व विभागाच्या मुख्य अभियंत्याचे कार्यालय आहे. सैनिकांच्या बराकी, रस्ते, पाण्याच्या टाक्या, विजेची जोडणी ही सारी कामे सैनिकी अभियांत्रिकी सेवा, म्हणजे सर्वसामान्य बोलण्यातील ‘एम. ई. एस.’, कंत्राटदारांकडून करून घेते. वाटेल त्याने यावे आणि निविदा भरावी, असे तेथे चालत नाही. कंत्राटदारांची यादी असते. कोण कोणत्या प्रकारचे काम करतो आणि किती रकमेपर्यंतचे काम त्याला देता येईल, अशा दोन कसोट्यांवर त्या यादीत वर्ग पाडलेले असतात. इमारती बांधणारा एका वर्गात, विजेचे काम करणारा दुसऱ्या वर्गात. ज्या वर्गात आपले नाव नाही, त्या वर्गाचे काम आपल्याला येत असले तरी ते दाराबाहेरच राहते.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्या गावगाड्यात बारा बलुतेदार होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशी प्रत्येकाची ओळख ठरलेली, त्याचे काम ठरलेले आणि खळ्यावर त्याच्या पदरात पडणारा धान्याचा वाटाही ठरलेला. कुलकर्ण्याच्या दप्तरात ज्याची जशी नोंद, तसा त्याचा हक्क. सुताराच्या मुलाने पुढे तेलाची इंजिने दुरुस्त करावयास आरंभ केला, तर गावाला त्याची गरज होती, पण दप्तरात त्याला जागा नव्हती. वर्गीकरणाचा गुण आणि दोष दोन्ही या एका उदाहरणात सापडतात. वर्गीकरणावाचून व्यवहार चालत नाही. आणि व्यवहार पुढे गेला की वर्गीकरण मागे राहते.

आधुनिक काळातील हे दप्तर म्हणजे ‘राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण’. संयुक्त राष्ट्रसंघाने 1948 मध्ये सर्व देशांसाठी आर्थिक व्यवहारांचे एक प्रमाणित वर्गीकरण सिद्ध केले. आपल्याकडे 1962 मध्ये तशी पहिली यादी झाली. 1970 मध्ये तिला राष्ट्रीय वर्गीकरणाचे रूप आले आणि पुढे 1987, 1998, 2004 व 2008 मध्ये ती सुधारण्यात आली. 2008 च्या आवृत्तीत 21 विभाग, 88 प्रभाग आणि सर्वांत खालच्या पायरीवर 1304 उपवर्ग आहेत. क्रमांक पाच आकडी असतो आणि तो डावीकडून उजवीकडे वाचावयाचा असतो. पत्त्यात जसे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, तसेच हे. 43 म्हणजे बांधकामातील विशेष कामे. 432 म्हणजे वीज, नळ इत्यादींची जोडणी. 4321 म्हणजे त्यातील केवळ विजेची जोडणी. पाचवा आकडा त्याहूनही बारीक भेद दाखवितो. रंगकाम, गिलावा यांसारखी इमारत पुरी करण्याची कामे 4330 मध्ये येतात.

आता खरी मेख पाहा. 2004 च्या यादीत 45 हा प्रभाग सगळ्या बांधकामाचा होता. 2008 च्या यादीत बांधकाम 41, 42 आणि 43 या तीन प्रभागांत विभागले गेले : इमारती 41 मध्ये, रस्ते-पूल इत्यादी 42 मध्ये आणि विशेष कामे 43 मध्ये. मग 45 या क्रमांकाचे काय झाले? तो मोटारगाड्यांच्या खरेदीविक्रीस व दुरुस्तीस देण्यात आला. म्हणजे एखाद्या कंत्राटदाराने वडिलांच्या वेळचा कागद समोर ठेवून त्यावरील आकडा मुकाट्याने उतरून काढला, तर आयुष्यभर भिंती बांधणारा तो गृहस्थ सरकारदरबारी मोटारींचा व्यापारी ठरावयाचा!

यात हसण्यासारखे आहे, पण नुकसानही आहे. 1 जुलै 2020 पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. तिच्यात आपल्या कामाचा हा क्रमांक द्यावा लागतो. 2012 च्या सरकारी खरेदी धोरणान्वये केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. तो आधी 20 टक्के होता, 2018 मध्ये 25 टक्के झाला. परंतु हे धोरण स्वतः माल तयार करणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यांसाठी नव्हे. 2021 च्या जुलैत व्यापाऱ्यांनाही ‘उद्यम’ नोंदणीची मुभा मिळाली खरी. पण 45, 46 व 47 या प्रभागांतील त्या व्यापाऱ्यांना लाभ मिळाला तो केवळ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता. तेव्हा एका चुकीच्या आकड्याने माणूस सेवा देणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून व्यापाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो आणि त्याच्या पानावर वाढले जाणारे पदार्थही बदलतात.

समजा, हावड्यातील एका लहान कंत्राटदाराने घरे रंगविण्यापासून आरंभ केला. पुढे त्याने विजेच्या तारा ओढण्याचे काम हाती घेतले आणि आज तो छपरांवर सौर तावदाने बसवितो. त्याच्या हाताखालची माणसे बदलली, हत्यारे बदलली; पण नोंदणीत मात्र तो अजून रंगारीच आहे. सौर जोडणीची निविदा निघते, तो ती भरतो, आणि कागद तपासणारा कारकून विचारतो, “हे काम तुमच्या नोंदणीत कोठे आहे?” या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. त्याचे कौशल्य खरे आहे, अनुभव खरा आहे. पण तपासणाऱ्यापुढे माणूस नसतो, कागद असतो. त्या कारकुनालाही फार दोष देता येत नाही. उद्या कोणी आक्षेप घेतला, तर त्यालाही कागदच दाखवावा लागणार.

आता यावर उपाय काय? तो कठीण नाही, नेमाने करावयाचा आहे इतकेच. ‘उद्यम’ नोंदणी एका उद्योगाला एकच करता येते; पण त्या एका नोंदणीत कितीही कामे लिहिता येतात आणि मागाहून वाढविताही येतात. तिला शुल्क नाही. मागील वर्षाचे प्राप्तिकराचे व वस्तू-सेवा कराचे विवरण धरून माहिती दर वर्षी अद्ययावत करावी, असे 2020 च्या अधिसूचनेतच सांगितलेले आहे. न केल्यास नोंदणी स्थगित होऊ शकते. तेव्हा आर्थिक वर्ष पालटले, की जसे आपण नव्या वह्या घालतो, तसे एकदा बसून स्वतःला विचारावे : गेल्या वर्षी पैसा कोणत्या कामातून आला? ते काम नोंदणीत आहे काय? क्रमांक आठवणीने किंवा जुन्या कागदावरून न लिहिता, त्यापुढील वर्णन वाचून निवडावा. आणि जे ‘उद्यम’मध्ये लिहिले, तेच वस्तू-सेवा कराच्या नोंदणीत, सरकारी बाजारपेठेच्या खात्यात व एम. ई. एस.सारख्या खात्याच्या यादीत दिसते की नाही, हे ताडून पाहावे. मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. कराच्या कागदावरील क्रमांक विकलेल्या मालाचा किंवा सेवेचा असतो, औद्योगिक वर्गीकरणाचा क्रमांक धंद्याचा असतो. बांधकाम सेवेचा कराचा क्रमांक 9954 ने सुरू होतो; त्याचा 41 शी आकड्यांचा मेळ घालू जाणे व्यर्थ. मेळ बसावयाचा तो अर्थाचा.

याच्या उलट टोकाचा मोहही टाळावा. क्रमांक फुकट मिळतात म्हणून वीस-पंचवीस कामे लिहून ठेवणारे काही कमी नाहीत. क्रमांक ही पात्रता नव्हे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशांसाठीच आहे. नोंदणी स्वतःच्या घोषणेवर चालते म्हणून तेथे कोणी लगेच हटकीत नाही; पण काम पदरी पडल्यावर ते करून दाखवावे लागते, आणि खोटी माहिती देणे कायद्याने दंडनीय आहे.

ही गोष्ट एकट्या कंत्राटदाराच्या हिताची आहे असेही नाही. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, कौन्सिल हाउस स्ट्रीटवर, केंद्रीय सांख्यिकी संघटनेची औद्योगिक शाखा अनेक वर्षे काम करीत आली. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीचे आकडे तेथे याच क्रमांकांनुसार लावले जात. कोणत्या धंद्यात किती माणसे, कोणता वाढतो आहे, कोणता खालावतो आहे, याचे उत्तर सरकारला अशा क्रमांकांतूनच मिळते. सौर जोडणी करणारे हजारो लोक कागदावर रंगारीच राहिले, तर त्यांच्यासाठी शिक्षण, कर्ज वा सवलत आखणाऱ्यांना ते दिसणार नाहीत. जो मोजला जात नाही, त्याची आठवण कोणाला राहणार?

यादी सुधारण्याचे काम यादी करणारे करीतच असतात. अमेरिकेत ती दर पाच वर्षांनी तपासली जाते आणि सरकारी कंत्राटदाराला आपली नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पाचवी सुधारणाही 2023 मध्ये संमत झाली आहे. पण यादी कितीही अद्ययावत असली, तरी तिच्यातील आपली ओळ आपणच तपासावयाची असते. कुलकर्ण्याच्या काळी दप्तर दुसऱ्याच्या हाती होते. बलुतेदाराला त्यात एक अक्षर बदलता येत नव्हते. आज ते दप्तर उघडण्याची किल्ली ज्याची त्याच्या हाती आहे. किल्ल्याच्या दारावरची पाटी सरकार बदलील. आपल्या दारावरची मात्र आपल्यालाच बदलली पाहिजे.