जमिनीची भूक : कोणत्या मातीस खत काय देतें

दुष्काळनिवारण म्हणजे धान्य वांटणें, गुरांस चारा पुरविणें व हातांस काम देणें, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी, पण अपुरी होय. अवर्षणांत माणसें व गुरें जशीं खंगतात, तशी जमीनही खंगते. चारा नाहीं म्हणून शेतांत काडी उरत नाहीं. सरपण नाहीं म्हणून शेण चुलींत जातें. गुरें विकलीं गेलीं म्हणजे उकिरडाही ओस पडतो. मग पुढील वर्षीं पाऊस झाला तरी तो धरून ठेवण्याची शक्ति मातींत रहात नाहीं. म्हणून या अहवालांत खताचा विचार वाचकांपुढें मांडीत आहों.

सर्व जमिनी सारख्या नव्हत. म्हणून खताचें कार्यही सर्वत्र एकच नव्हे. दख्खनच्या पठारावरील भारी काळी जमीन काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तिचे कण अतिसूक्ष्म असून ते भिजले म्हणजे फुगतात व वाळले म्हणजे आकसतात. उन्हाळ्यांतील खोल भेगा त्यामुळेंच पडतात. पाणी सांठविण्याची शक्ति तिच्या अंगीं मूळचीच आहे. उणीव आहे ती पाणी मुरण्याची व हवा खेळण्याची. कुजलेलें खत या कणांस बांधून त्यांचे लहान लहान रवे करतें. रव्यांमधील फटींतून पाणी आंत उतरतें व वाफसा लवकर येतो.

माळावरील मुरमाड, बरड जमिनीची गोष्ट उलट आहे. तेथें पाणी लगेच शिरतें व लगेच निघूनही जातें. खताचा अंश तें पाणी शोषून धरतो व पिकाचें अन्न वाहून जाऊं देत नाहीं. मात्र अशा तापणाऱ्या मातींत खत लवकर झिजतें. म्हणून एकदांच पुष्कळ घालण्यापेक्षां दरवर्षीं थोडें घालणें हिताचें.

कोंकणांतील जांभ्याची माती आम्ल असते. तींतील लोह स्फुरदास जखडून ठेवतें. कुजणारे पदार्थ ही पकड कांहींशी सैल करतात. कालव्याच्या पाण्यानें चोपण झालेल्या जमिनीस मात्र नुसतें खत पुरत नाहीं. तेथें निचऱ्याचे चर, जिप्सम आणि शेणखत किंवा धैंचाचें हिरवळीचें खत, हे तिन्ही उपाय एकत्र योजावे लागतात.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कच्चें खत कोरडवाहू शेतांत घालूं नये. गव्हाच्या काडांत नत्राच्या सुमारें ८० पट कर्ब असतो. तीं कुजविणारे सूक्ष्म जीव मातींतलें नत्र स्वतःच घेतात व पीक पिवळें पडतें. म्हणून कुजण्याचें काम शेताबाहेर, खड्ड्यांतच व्हावें. इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं बसविलेली रीत १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. पालापाचोळा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचावे, ओल राखावी व ढीग वेळोवेळीं परतावा. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें.

मराठवाड्यांत २०१३ व २०१९ सालीं दुष्काळांत गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा एका छावणींत ५०० गुरें आहेत असें समजूं. दर गुरामागें दिवसास १० किलो शेण धरलें, तर ९० दिवसांत ४५० टन होतें. कुजून तें निम्में उरलें व एकरीं २ टन घातलें, तरी शंभराहून अधिक एकरांस पुरेल. जें संकटाच्या काळीं केवळ घाण वाटतें, तेंच पुढील हंगामाचें भांडवल होय.

खतानें पाऊस पडत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु दोन पावसांमध्यें खंड पडतो तेव्हां मातींतील थोडीशी ओल पीक तारूं शकते. म्हणून जे दाते चाऱ्यासाठीं सढळ हातानें देतात, त्यांस विनंति कीं छावणीशेजारीं खताचे खड्डे खणण्याचाही खर्च उचलावा. व गांवकऱ्यांस विनंति कीं छावणी उठतांना जनावराबरोबर आपल्या वांट्याचें खतही घरीं न्यावें.